पिकअपवरच्या कॅम्परसाठी विमा किती घ्यावा?

सप्रेम नमस्कार,

साडेचार वर्षांपूर्वी खासगी नोंदणीवर घेतलेल्या पिकअपच्या हौद्यात सुमारे ५ लाख रुपयांचा, हवा तेव्हा उतरवता येणारा कॅम्पर (झोपण्या-राहण्याची सोय असलेली छोटी खोली) बसवून भंडारदरा आणि कोकणात फिरण्याचा आपला बेत आहे. निवृत्तीच्या पुंजीवर भार नको म्हणून नुसता थर्ड पार्टी विमा पुरेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तो पुरणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सक्तीचा असलेला हा विमा आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या हानीची जबाबदारी घेतो. कसारा घाटात गाडी कलंडली, तर आपल्या पिकअपचा किंवा कॅम्परचा एक रुपयाही त्यातून मिळत नाही, आणि एवढे नुकसान आपल्याला मुदतठेव मोडूनच भरावे लागेल.

मात्र स्वतःच्या गाडीचे नुकसानही भरून देणारी सर्वंकष पॉलिसी घेतली की काम झाले, असेही नाही. या कायद्याचे कलम ५२ नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलांवर निर्बंध घालते, त्यामुळे कॅम्परची आगाऊ रक्कम देण्यापूर्वी नाशिक आरटीओकडे लेखी विचारणा करावी आणि मिळालेले उत्तर विमा प्रस्तावासोबत जोडावे. नोंदणीबाबत वाद राहिला, तर दाव्याच्या वेळी तोच आडवा येतो.

त्यानंतर आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची विमित किंमत, पाहावी. चार ते पाच वर्षे वयाच्या गाडीच्या किमतीतून ५० टक्के घसारा वजा होतो आणि बाहेरून बसवलेला कॅम्पर त्या रकमेत आपोआप धरला जात नाही; तो किमतीसह पॉलिसीत स्वतंत्रपणे नोंदवून घ्यावा लागतो. फ्रिज, दिवे यांसारख्या विद्युत उपकरणांना मोटार दरपत्रकाप्रमाणे किमतीच्या ४ टक्के, म्हणजे १ लाखाच्या उपकरणांमागे ४,००० रुपये जादा हप्ता पडतो, आणि तो मी आनंदाने भरेन. दाव्यात फायबरग्लासवर ३० टक्के, तर प्लास्टिक व बॅटरीवर ५० टक्के घसारा कापला जात असल्याने, या वयाच्या गाडीला झिरो डेप (असा घसारा न कापता दावा देणारे जादा संरक्षण) मिळत असेल तर तेही घ्यावे.

कॅम्पर उतरवून अंगणात ठेवलेला असताना संरक्षण कायम राहते का, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. राहत नसेल तर गृहविम्यात त्याची सोय होते का, ते विचारावे. आपल्या पुतण्याने सुचवल्याप्रमाणे तो पर्यटकांना भाड्याने देणे मात्र कृपया टाळावे, कारण खासगी वाहनाच्या पॉलिसीत भाड्याचा वापर वगळलेला असतो.

काटकसर करायचीच असेल तर ती ऐच्छिक वजावटीत, म्हणजे प्रत्येक दाव्यात आपण स्वतः सोसायचे कबूल केलेल्या रकमेत, करावी. १०-१५ हजारांचा खर्च आपण स्वतः सोसू शकता. त्यामुळे हप्ता कमी होतो, आणि किरकोळ ओरखड्यांसाठी दावा न केल्याने नो क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) टिकतो.