टॉट मास्टर्स की रिसर्च मास्टर्स? कलाशाखेत निवड कशी करावी

तुम्ही लिहिलंय की तुमचं कलेच्या इतिहासात बी.ए. झालंय, पीएच.डी. करावीशी वाटते पण पक्कं नाही, आणि ब्रिटनमध्ये एकाच विषयाला टॉट एम.ए. (वर्गात शिकवलं जाणारं) व एम.ए. बाय रिसर्च (म्हणजे रिसर्च मास्टर्स, मुख्यतः स्वतःच्या संशोधनाचं) असे दोन पर्याय दिसतायत, म्हणून तुम्ही अडला आहात. मी स्वतः टॉट एम.ए. करून संशोधनात आलो आणि आता अर्ज करणाऱ्यांची प्रपोजल्स (संशोधनाचे प्रस्ताव) वाचून देतो. त्या अनुभवावरून सांगतो.

पीएच.डी.साठी रिसर्च मास्टर्सच लागतं, हा समज आधी काढून टाका. टॉट एम.ए. करून पीएच.डी.ला जाणारे भरपूर असतात.

बघायचं ते हे, की तुमच्याकडे आज प्रश्न तयार आहे का. विषय नव्हे, प्रश्न. 'एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकार स्त्रिया' हा विषय झाला. त्यावर कितीही वाचलंत तरी लिखाणाला सुरुवात कुठून करायची ते कळणार नाही. आता हे बघा: लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या शाळेत 1860 मध्ये पहिली विद्यार्थिनी दाखल झाली, पण नग्न मॉडेल समोर ठेवून चित्र काढण्याचा वर्ग मुलींना 1893 पर्यंत बंद होता, आणि उघडला तेव्हाही मॉडेलच्या अंगावर थोडं वस्त्र ठेवायची अट होती. मग या मुलींनी पुढे चित्रांसाठी कोणते विषय निवडले, आणि त्यात त्या बंदीचा परिणाम दिसतो का? अकॅडमीच्या वार्षिक प्रदर्शनांचे कॅटलॉग 1769 पासूनचे उपलब्ध आहेत, त्यात चित्रांची शीर्षकं आहेत. म्हणजे साधनं कुठे आहेत ते माहीत आहे आणि काम वर्षात आवरण्यासारखं आहे. एवढं हातात असेल तर रिसर्च मास्टर्स खुशाल घ्या.

नसेल, तर टॉट एम.ए. त्यासाठीच असतं. ब्रिटनमध्ये ते साधारण 180 क्रेडिटचं, पूर्णवेळ एका वर्षाचं. बहुतेक ठिकाणी त्यातले 60 क्रेडिट डिझर्टेशनचे, म्हणजे स्वतः लिहायच्या साधारण 15,000 शब्दांच्या प्रबंधाचे. बाकी मॉड्यूल्स आणि सेमिनार. सेमिनारमध्ये तुमचं म्हणणं इतर जण खोडून काढतात, आणि प्रश्न तिथेच घडत जातो. एक अडचण मात्र ध्यानात ठेवा: वर्ग सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतात आणि पुढच्या वर्षीच्या पीएच.डी. फंडिंगच्या बऱ्याच मुदती डिसेंबर-जानेवारीत संपतात. तेव्हा तुमच्या हातात एम.ए.चे गुणही आलेले नसतात. म्हणून मध्ये एक वर्ष थांबून अर्ज करणं अजिबात वाईट नाही. मी तर तेच सुचवेन.

रिसर्च मास्टर्समध्ये वर्ग जवळजवळ नसतात. एक थीसिस, बहुधा 30,000 शब्दांच्या आसपास किंवा जास्त, आणि एक सुपरव्हायझर. काही आठवड्यांनी भेट, मधला सगळा वेळ तुमचा. वाचनाचं आणि लिखाणाचं वेळापत्रक स्वतः आखणाऱ्याला हे मानवतं, पण एकटेपणा खरा असतो, त्याला कमी लेखू नका. शिवाय थीसिस फसला तर सावरून घ्यायला मॉड्यूल्सचे गुण नसतात.

नावांवर जाऊ नका. ऑक्सफर्डचं एम.फिल. बहुतेक विषयांत दोन वर्षांचं, वर्ग आणि थीसिस दोन्ही असलेलं असतं, इतर काही विद्यापीठांत एम.फिल. म्हणजे निव्वळ संशोधन. नेदरलँड्समधलं रिसर्च मास्टर्स दोन वर्षांचं असून त्यात भरपूर वर्ग असतात, आणि पीएच.डी.कडे जाणाऱ्यांसाठीच ते आखलेलं आहे. म्हणून प्रत्येक कोर्सच्या नियमावलीत एकच गोष्ट शोधा: एकूण गुणांपैकी थीसिसला किती?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला टॉट एम.ए. तुमच्यासाठी बरं वाटतं, त्यातही संशोधन पद्धतींचं मॉड्यूल आणि मोठं डिझर्टेशन असलेलं. पण ठरवण्याआधी पंधरा दिवस काढून एक पानभर प्रपोजल लिहून बघा: प्रश्न काय, साधनं कुठे, आधी कोणी काय म्हटलंय. ते पान मनासारखं उतरलं तर माझं मत बाजूला ठेवा आणि त्या विषयावर काम करणाऱ्या प्राध्यापकांना ते पाठवा. पुढच्या वर्षी ते अभ्यासरजेवर तर नाहीत ना, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या.