पिकअपचे दोन्ही इंडिकेटर बिघडले, रिले बदलू का?

दोन्ही बाजूंचे इंडिकेटर कधी नुसते पेटून राहतात, कधी लागतच नाहीत, आणि वायरमन अख्खं वायरिंग बदला म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. वायरिंगला इतक्यात हात लावू देऊ नका. दोन्ही बाजू एकदम बिघडल्या की आधी फ्यूज बघायचा, मग फ्लॅशर रिले, म्हणजे दिवे मिचकवणारी ती टिकटिक करणारी छोटी डबी. एकच बाजू बंद असती किंवा भराभर फडफडत असती, तर रिलेचा काही संबंध नव्हता. तिथे बल्ब उडालेला असतो नाहीतर होल्डर गंजलेला. मुंबईच्या पावसात मागच्या दिव्यांचे होल्डर आणि अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर) हमखास हिरवे पडतात.

आता हॅझर्ड, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम मिचकवणारं बटण, लावून बघा. बहुतेक पिकअपमध्ये दोन्हींना रिले एकच असतो. हॅझर्ड नीट चालतोय आणि इंडिकेटर नाही, तर रिले ठीक आहे. इंडिकेटरचा फ्यूज किंवा हॅझर्डचं बटणच तपासा, कारण इंडिकेटरचा करंट बऱ्याच गाड्यांत त्या बटणातूनच पुढे जातो. हॅझर्डही तसाच अडकत असेल तर डॅशबोर्डखाली हात घालून टिकटिक कुठून येते ते चाचपा. चालू रिले बोटाला ठोका देतो.

रिले सरळ ओढून काढा. तीन पिनांच्या रिलेवर अक्षरं असतात: बी म्हणजे बॅटरी, एल म्हणजे लोड, ई म्हणजे अर्थ. काहींवर त्याच क्रमाने 49, 49ए आणि 31 असे आकडे असतात. सॉकेटमध्ये कोणतं भोक कशाचं, ते रिले उलटा धरून नीट जुळवा. मग चावी ऑन, डावा इंडिकेटर ऑन, आणि वायरच्या तुकड्याने सॉकेटमधलं बी आणि एल जोडा. डावे दिवे न मिचकावता पेटले तर वायरिंग, स्विच, बल्ब सगळं शाबूत, रिलेच गेलाय. उजवीकडेही तेच करा. तुकडा ई ला लागला तर फ्यूज उडालाच म्हणून समजा.

दिवे पेटलेच नाहीत, तर टेस्ट लॅम्पने बी वर करंट येतोय का ते बघा.

नवीन रिले घेताना जुना खिशात घेऊन जा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ढीगभर मिळतील, पण वापरलेला घेऊ नका. एवढ्याशा वस्तूत वाचवण्यासारखं काही नसतं. व्होल्ट 12, पिनांची संख्या आणि क्रम तोच, आणि वॅट जुळले पाहिजेत. 21 वॅटचे चार बल्ब हॅझर्डला एकदम लागतात, म्हणजे 84 वॅट, वर बाजूचे छोटे वेगळे. मागे एलईडी बसवले असतील तर एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक रिलेच मागा. साध्या रिलेला लोड कमी वाटतो आणि तो बल्ब उडाल्यासारखा फडफडतो.

बसवण्याआधी सॉकेटच्या पट्ट्या सैल किंवा काळ्या पडल्यात का बघा. सैल असतील तर पक्कडने हलकेच दाबा, नाहीतर नवा रिलेही तापून जाईल. बसवल्यावर इंजिन चालू ठेवून दहा सेकंदांत ठोके मोजा: 10 ते 20 च्या मध्ये आले की काम झालं.