एवढं मोठं जहाज मिळाल्यावर बेट कशाला?

प्रश्न : 'स्काइज ऑफ आर्केडिया' हा व्हिडिओ गेम पहिल्यांदाच खेळतेय. डेल्फिनस हे उडतं जहाज ताब्यात आल्यापासून नुसतं उडत राहावंसं वाटतं. मग क्रेसेंट बेटावर तळ उभारण्यात वेळ का घालवायचा?

उत्तर : त्या बेटाशी तुमची पहिली भेट कशी झाली, ते आठवा. खेळाचा नायक व्हाइस तिथे एकटाच येऊन पडतो. सोबतची आयका नाही, फिना नाही, बोलायला कुणीच नाही. आकाशात तरंगणारा जमिनीचा तुकडा, कड संपली की खाली पोकळी. सुकाणू नसलेलं जहाजच ते! मी हा खेळ ड्रीमकास्ट या गेम कन्सोलवर खेळले, तेव्हा धाकटी बहीण शेजारी बसलेली असायची. व्हाइसला सोडवणारा गिल्डर येईपर्यंत ती सारखी म्हणत होती, "ताई, इथून निघ ना लवकर." पुढे त्याच जागी आपण घर बांधतो. मला तर २००० सालच्या या खेळातली ही सगळ्यात सुंदर कल्पना वाटते.

आता व्यवहाराचं. डेल्फिनसवर ११ कामं आहेत : सुकाणू, तोफा, इंजिन, टेहळणी, स्वयंपाक वगैरे. प्रत्येक कामाला दोन माणसं मिळू शकतात, म्हणजे एकूण २२. पण एका कामावर एका वेळी एकालाच नेमता येतं. ती सगळी माणसं राहणार कुठे? बेटावरच. म्हणून मी प्रत्येक मोहिमेनंतर परत यायचे आणि एकेकाशी बोलून मगच पुढे निघायचे.

त्यातली पॉली चुकवू नका. सेलर्स आयलंडवर ती खानावळ चालवते. नवरा रॉबिन्सन समुद्रप्रवासाला, म्हणजे या खेळात आकाशप्रवासाला, गेला तो परतलाच नाही. तो जिवंत आहे. जहाज फुटून एकटाच अडकलाय, अगदी व्हाइससारखाच! दोघंही तुमच्या माणसांत येऊ शकतात. वर्षानुवर्षं ताटातूट झालेले नवरा-बायको आपल्या तळावर एकत्र दिसले, तेव्हा बहिणीने माझा हात घट्ट धरला होता.

तेव्हा गोष्ट पुढे रेटायची घाई करू नका. आधी पॉलीशी बोला, मग आकाश पिंजून काढा. दोघांना घेऊन बेटावर परतलात की मला जरूर लिहा.