नळापर्यंत पाणी कितीला पडते?

आमच्या नगरपरिषदेचे जलशुद्धीकरण केंद्र तोट्यात आहे म्हणतात. खरे-खोटे कसे तपासावे?

तोटा पाणीपट्टी कमी असल्यामुळेही होतो. त्यावरून केंद्र महागडे ठरत नाही. वर्षाचा सगळा खर्च मांडा: वीज, तुरटी, क्लोरीन, पगार, दुरुस्ती आणि बांधकामाचा घसारा, म्हणजे दरवर्षीच्या झिजेची किंमत. तो घसारा बहुधा वगळला जातो, मग वीस वर्षांनी फिल्टर बदलायला पैसे नसतात. या खर्चाला पाण्याने भागा, पण केंद्रातून सुटलेल्या पाण्याने नाही, घरोघर पोहोचलेल्या पाण्याने. समजा केंद्रात हजार लिटरला १२ रुपये पडतात आणि ४० टक्के पाणी वाटेत गळते. मग नळापाशी तेच पाणी २० रुपयांना पडले. अशा गावात नवे केंद्र बांधणे म्हणजे फुटक्या घागरीत आणखी पाणी ओतणे. आधी जलवाहिन्या दुरुस्त करा, मीटर बसवा. कराडजवळच्या मलकापूरने मीटर लावूनच चोवीस तास पाणी दिले.

वीजबिलच सर्वांत मोठे आहे. अधिकाऱ्यांचा दोष म्हणायचा का?

लगेच नको. हजार लिटर पाणी १०० मीटर उंच चढवायला किमान ०.२७ युनिट लागतात. पंपाची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर सुमारे ०.४२. मुंबईला तानसा-वैतरणेचे पाणी बहुतांश उताराने येते, डोंगरावरच्या गावाला ती सोय कुठून? म्हणून दोन गावांची बिले नुसती शेजारी ठेवू नका, चढाईही पाहा. तुमचा पंप हिशेबापेक्षा फार जास्त युनिट खात असेल तर मात्र जाब विचाराच.

ग्रामपंचायत आरओचे एटीएम, म्हणजे पाण्यातले क्षार गाळून पैसे टाकल्यावर पाणी देणारे यंत्र, बसवते आहे. फायद्याचे आहे का?

पाणी खारे असेल किंवा त्यात फ्लोराइड असेल तरच. केवळ गढूळपणासाठी आरओ नको. त्यात बरेच पाणी वाया जाते. तुरटी, वाळूचा फिल्टर आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पुरते.

खर्च वाचवण्यासाठी क्लोरीन कमी केले तर?

अजिबात नको. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेच पाहिजे. ओटी टेस्टने, म्हणजे पाण्यात औषधाचे थेंब टाकून रंग पाहिल्यावर, ते घरीही कळते. गावात कावीळ किंवा गॅस्ट्रोची साथ आली, तर वाचलेले पैसे दवाखान्यात जातील, तेही गरिबाच्या खिशातून. तुरटीत मात्र बचत होऊ शकते. कच्च्या पाण्याचा गढूळपणा पावसाळ्यात रोज बदलतो. तेव्हा रोज जार टेस्ट करून, म्हणजे काही भांड्यांत तुरटी कमी-जास्त टाकून पाहून, मात्रा ठरवायला सांगा आणि त्याची नोंदवही मागून पाहा.