नवऱ्याचं पहिलं घर : रहस्यकादंबरी लिहिणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न : माझी नायिका लातूरला शिक्षिका आहे. लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर तिला कळतं, की नवऱ्याचं आधी एक लग्न झालं होतं आणि ती बायको व लहान मुलगा किल्लारीच्या भूकंपात गेले. ट्रंकेतला फोटो नि जुनी पत्रं यांपलीकडे मला मार्ग सुचत नाही. शिवाय भूकंपात गेलेल्या माणसांवरून नवऱ्याचा संशय यावा तरी कसा? – एक वाचक, औसा

उत्तर : फोटो राहू द्या, सातबारा आणा. असं धरा, की पहिल्या बायकोचे वडील भूकंपाआधी वारले आणि निलंगा तालुक्यातल्या त्यांच्या जमिनीला मुलगा नि मुलगी अशी दोघांची नावं लागली. भावाने हक्कसोडपत्रासाठी तगादा लावला, तिने सही केली नाही. आता 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम 15 बघा. मृत्युपत्र न करता बाई वारली आणि मागे मूलबाळ नसेल, तर बापाकडून आलेली जमीन बापाच्या वारसांकडे परत जाते. नवऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. मूल मागे राहिलं तर मात्र मूल आणि नवरा दोघेही वारस. म्हणजे परक्या गावच्या जमिनीला नवऱ्याचं नाव वारसाने लागलेलं दिसलं, की बायको होती हेही कळतं आणि लेकरू होतं हेही.

संशय इथूनच सुरू होतो. माय-लेकरू एकाच रात्री गेलं, पण आधी कोण गेलं? ते सांगता येत नसेल तर त्याच कायद्याचं कलम 21 लागतं : वयाने लहान असलेला मागून गेला असं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. आई आधी, लेकरू नंतर. म्हणून जमीन लेकराकडे नि नवऱ्याकडे, आणि लेकराचा वाटाही शेवटी बापाकडे. पण ते लेकरू आईच्या आधी गेलं हे कुणी डोळ्यांनी पाहिलं असेल, तर तीच जमीन मेव्हण्याची. नवऱ्याने खून करायची काही गरज नाही. त्याला एक गोष्ट माहीत होती आणि तो बोलला नाही, एवढं पुरेसं आहे. (लेकरू मुलगाच ठेवा. मुलगी केली तर पुढच्या वारसांचा हिशेब बदलतो.)

मग पाहिलं कुणी? धक्का बसला 30 सप्टेंबर 1993 ला, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन आटोपून माणसं उशिरा पडलेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं जड माळवद अंगावर आलं, म्हणून एवढी माणसं गेली. पहिले ढिगारे उपसले ते शेजाऱ्यांनी, भावकीने. कोण कधी निघालं, कुणाचा श्वास चालू होता, हे त्यांना माहीत आहे. आपल्याकडे असं गुपित एकट्या नवऱ्याचं राहत नाही, अख्खं गाव ते सांभाळतं. तुमच्या कादंबरीचा जीव तिथे आहे. प्रत्येक गप्प माणसाला त्याचं स्वतःचं कारण द्या. चुलत्याच्या बांधाचा वाद त्याच वर्षी मिटला. आत्याला भाच्याचं दुसरं लग्न जमवायचं होतं. शेजारणीला वाटतं, मेलेल्यांना उकरून काय मिळवायचं? सगळे एकाच भीतीने गप्प बसले असं दाखवलंत, तर वाचकाला ते खरं वाटणार नाही.

कागद हाती येण्याची रीत अशी. भूलेखच्या संकेतस्थळावर नावावरून सातबारा शोधता येतो, पण आधी जिल्हा, तालुका, गाव निवडावं लागतं. गाव ठाऊक नसेल तर नायिका तिथेच अडकते, आणि हे तुमच्या फायद्याचं आहे. सातबाऱ्यावर नोंदीसोबत फेरफाराचा, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदीचा, क्रमांक असतो. तो घेऊन तिने जुन्या हस्तलिखित फेरफाराची नक्कल मागायची. पिवळ्या पडलेल्या त्या पानावर तलाठ्याच्या अक्षरात असा मजकूर ठेवा : ‘खातेदार दि. 30.9.93 रोजी मयत. वारस – मुलगा, मयत, पती, हयात.’ तिने ‘हयात’ या शब्दाशी थांबावं, तुम्ही तिच्या भावना समजावून सांगत बसू नये. फेरफाराची नोटीस निघते आणि हरकतीला 15 दिवस असतात. मेव्हण्याने हरकत घेतली नाही. का नाही? यावर एक अख्खं प्रकरण उभं राहील.

प्रश्न : पुढे रहस्य उलगडलं की वाचकाने ‘अरे, हे तर आधीच सांगितलं होतं’ असं म्हणावं. पण मी धागा पेरला की लगेच ओळखू येतो. – परळी वैजनाथ

उत्तर : बहुतेक वेळा धागा उघडा पडतो तो नायिका दचकते म्हणून. ती दचकली की वाचक खूण करून ठेवतो. वरच्याच कथेत गाव कसं कळेल ते बघा. लातूरच्या गंजगोलाई बाजारात खरेदी चाललेली, गर्दीतून एक अनोळखी माणूस नवऱ्याला हाक मारतो, ‘‘ओ दाजी! वळखलं न्हाई का?’’ नवरा म्हणतो, ‘‘माणूस चुकलाव तुम्ही,’’ आणि चालू लागतो. ‘दाजी’ म्हणणार बायकोच्या माहेरची माणसं. नायिकेचं माहेर छत्रपती संभाजीनगरचं असेल, तर हा कुठला? पण हा विचार तिने तिथे करायचा नाही. त्याच क्षणी तिची पर्स मारली जाऊ द्या. पुढची दोन पानं पोलीस चौकीत जातील आणि हाक मागे पडेल.

जागा महत्त्वाची. साठ हजार शब्दांची कादंबरी असेल तर हा प्रसंग पहिल्या आठ-दहा हजारांत हवा, परिच्छेदाच्या मधोमध. प्रकरणाच्या शेवटच्या ओळीत कधीच नको. मध्यावर एकदा हलकेच आठवण द्या, आणि उलगडा पाऊण कादंबरी झाल्यावर. तिसऱ्यांदा आठवण करून दिलीत, तर वाचकावर विश्वास नाही असं दिसतं.

प्रश्न : अपघातात डोक्याला मार बसून नवरा आपलं नाव आणि आधीचा संसार विसरला, असं चालेल का? – वसमत

उत्तर : नको. मेंदूला मार बसल्यावर साधारणपणे जातात त्या अपघाताच्या आसपासच्या आठवणी, आणि नवं लक्षात ठेवणं जड जातं. स्वतःचं नाव नि सगळं आयुष्य पुसलं जाऊन बाकी माणूस धडधाकट, हे फार दुर्मीळ. दुसऱ्या फटक्याने आठवण परत येणं तर सिनेमातलंच. सगळं आठवतंय आणि तरी रोज जेवताना समोर बसतोय, असा नवरा कितीतरी भयंकर आहे.

प्रश्न : लपवलेलं पहिलं लग्न कळल्यावर नायिका कायद्याने काय करू शकते? – सेलू

उत्तर : पहिली बायको हयात आहे का, यावर सगळं आहे. हयात असेल आणि घटस्फोट झालेला नसेल, तर हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 11 प्रमाणे दुसरं लग्न मुळातच रद्दबातल. शिवाय फौजदारी गुन्हा : सात वर्षांपर्यंत कैद, पहिलं लग्न लपवून केलं असेल तर दहापर्यंत. लग्न 1 जुलै 2024 च्या आधीचं असेल तर भारतीय दंड संहितेची कलमं 494 आणि 495 लिहा, नंतरचं असेल तर भारतीय न्याय संहितेचं 82. यात चूक झाली, तर वकील वाचक पुस्तक तिथेच मिटतील.

पहिली बायको वारलेली असेल तर दुसरं लग्न वैध. तरी महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली, म्हणून कलम 12 खाली लग्न रद्द करून मागता येतं. फसवणूक कळल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो, आणि कळल्यानंतर ती राजीखुशीने नवरा-बायकोसारखी राहिली तर तो मार्ग बंद होतो. थरारासाठी याहून चांगली अट मिळायची नाही. पुरावा गोळा करायला तिला त्याच घरात राहावं लागतंय, आणि तिथे राहिलेला प्रत्येक दिवस कोर्टात तिच्याच विरुद्ध मांडला जाणार आहे. कळल्याची तारीख तिने कुठे लिहून ठेवली आणि ती नवऱ्याने वाचली का, हे दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच ठरवून घ्या.