‘मला काय धाड भरलीय?’ म्हणणाऱ्या अप्पांसाठी

प्रश्न : अप्पा ७३ वर्षांचे, आई ७०. दोघंच खानापुरात राहतात, आम्ही डब्लिनला. फोनवर तब्येत विचारली की अप्पांचं ठरलेलं, ‘मला काय धाड भरलीय?’ खरं कसं कळावं?

उत्तर : विचारून कळणार नाही. पोरांच्या जिवाला घोर नको म्हणून आपल्याकडचे आईवडील सर्रास खोटं बोलतात. त्यापेक्षा मोजा. व्हिडिओ कॉल तुम्ही लावा, पण भावकीतलं कुणीतरी त्यांच्याजवळ उभं हवंच. छातीत दुखत असेल, उठताना गरगरत असेल किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

बिनहाताची, साधारण १७ इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवा. हाताची घडी छातीवर. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. ७० ते ७४ वयात पुरुषांना १२ पेक्षा आणि बायकांना १० पेक्षा कमी जमलं, तर पायांतली ताकद वयाच्या मानानं उणी. हाताचा रेटा दिला की आकडा शून्य. अप्पा हुज्जत घालतील, घालू द्या.

मग खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. पायात रोजची चप्पल, काठी वापरत असतील तर काठीसकट. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. मी मात्र सेकंदांपेक्षा वळण बघेन : भिंत चाचपतात का, पावलं अडखळतात का? लेकाला दाखवायला अप्पा पळत सुटतील, तेव्हा ‘रोजच्यासारखं चाला’ असं आधीच बजावा.

हे आकडे परदेशातल्या म्हाताऱ्यांवरून बेतलेले आहेत. त्यामुळे अप्पांची तुलना अप्पांशीच केलेली बरी. खानापूरच्या पावसात फिरणं बंद पडतं, माणूस महिनोन् महिने घरात. म्हणून एकदा मे महिन्यात मोजा, एकदा दसऱ्यानंतर, खुर्ची तीच ठेवून. आकडा घसरला तर बेळगावला फिजिओथेरपिस्टकडे न्यायला सांगा. डॉक्टरांकडे सगळ्या गोळ्यांची यादी न्या आणि बीपी उभं करूनही तपासायला लावा. काही गोळ्यांनी उठल्यावर बीपी उतरतं आणि तोल जातो. चष्म्याचा नंबरही बघून घ्या.

आईलाही खुर्चीवर बसवा. ‘माझं काय बघायचंय, कुकर लावलाय’ म्हणेल. गॅस बंद करायला सांगा आणि पहिला नंबर तिचाच लावा.