पाठांतर करताना मेंदूतल्या रिसेप्टरमध्ये नेमका काय बदल होतो?

लातूरला नीटची तयारी करणाऱ्यांकडून हा प्रश्न हमखास येतो, आणि सोबत दुसराही: घोकून घोकून नवीन पेशी तयार होतात का? मुख्य बदल तो नाही. पेशी बहुतेक त्याच राहतात, त्यांच्यातला जोड म्हणजे सिनॅप्स बदलतो.

एका पेशीतून ग्लुटामेट हे संदेश नेणारं रसायन सुटतं. पलीकडच्या पेशीवर ते पकडणारे दोन महत्त्वाचे रिसेप्टर, म्हणजे दारासारखी उघडणारी प्रथिनं, असतात: आम्पा आणि एनएमडीए. आम्पा लगेच उघडतो आणि सोडियम आत येतं. एनएमडीए मात्र ढिम्म, कारण त्याचं तोंड मॅग्नेशियमने बुजलेलं असतं. पलीकडची पेशी पुरेशी उत्तेजित झाली तरच मॅग्नेशियम बाजूला होतं आणि कॅल्शियम आत शिरतं. म्हणजे दोन्ही पेशी एकाच वेळी सक्रिय हव्यात. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातला भारी भाग हाच.

कॅल्शियममुळे कॅमके-टू हे एन्झाइम कामाला लागतं आणि सिनॅप्सवर जास्तीचे आम्पा रिसेप्टर येऊन बसतात. मग तेवढ्याच ग्लुटामेटला प्रतिसाद मोठा मिळतो. यालाच एलटीपी (लाँग-टर्म पोटेंशिएशन, म्हणजे सिनॅप्स दीर्घकाळ बळकट होणं) म्हणतात. ब्लिस आणि लोमो या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये सशाच्या हिप्पोकॅम्पसवरचं (मेंदूचा स्मृतीशी संबंधित भाग) काम प्रसिद्ध केलं, तेव्हापासून हा विषय गाजतोय. कॅल्शियम थोडं थोडं, रेंगाळत आलं तर उलट होतं: आम्पा रिसेप्टर काढून घेतले जातात.

हा बदल काही तासांपलीकडे टिकायला पेशीला नवीन प्रथिनं बनवावी लागतात. त्यामुळे ट्यूशनहून आल्यावर अख्खा धडा एका रात्रीत रेटू नका. दोन-तीन दिवसांच्या अंतराने पुस्तक मिटून आठवून बघा, आणि झोप मोडू नका.